केसपेपरवरचं 'कधीतरी'

माझ्या केसपेपरवर डाव्या कोपऱ्यात 'सवयी' असं छापलंय आणि खाली तीन रकाने आहेत, तंबाखू, मद्य, इतर. २२ वर्षं फॅमिली डॉक्टर म्हणून प्रॅक्टिस करतेय आणि त्यातली निदान १५ वर्षं तरी मद्याच्या रकान्यात मी एकच शब्द लिहीत आले, 'कधीतरी'. पेशंट म्हणायचा कधीतरी, मी लिहायचे कधीतरी, आणि दोघंही सुटलो एकदाचे अशा चेहऱ्याने बीपीच्या पट्ट्याकडे वळायचो. कधीतरी म्हणजे नक्की कधी, हे मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी आपणहून सांगायचा प्रश्नच नव्हता.

एक काका होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील इकडचे तिकडे केलेत.) वय ६४, सहा वर्षं माझ्याकडे येत होते, बीपी आणि ॲसिडिटी. एकदम सभ्य माणूस, दिलेल्या तारखेला हजर, गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिप्ससुद्धा आणून दाखवायचे की बघा, एकही चुकवली नाही. बाथरूममध्ये पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशनसाठी ॲडमिट झाले, सोबत माझी चिठ्ठी, त्यात सुवाच्य अक्षरात 'मद्य: कधीतरी'. ऑपरेशन छान झालं. तिसऱ्या रात्री मुलाचा फोन. मॅडम, बाबा चादरीवरच्या मुंग्या झटकतायत, चादरीवर काही नाहीये, मला ओळखत नाहीयेत, घामाने भिजलेत, हात नुसते लटपटतायत, आणि इथले डॉक्टर विचारतायत की हे रोज किती घेतात. मग जरा थांबून म्हणाला, तुम्हाला माहीत असेल ना?

मला माहीत नव्हतं. त्याला माहीत होतं, घरात सगळ्यांनाच माहीत होतं, रोज रात्री क्वार्टर, कधी दीड क्वार्टर, १२-१३ वर्षं. आवाज नाही, भांडण नाही, आरडाओरडा नाही, जेवायचे आणि झोपायचे, त्यामुळे त्याला कोणी दारू पिणं म्हणतच नव्हतं.

दारू मेंदूला दाबून ठेवते. मेंदू काही गप्प बसत नाही, तो उलट्या बाजूने जोर लावून स्वतःला जागं ठेवायला शिकतो, वर्षानुवर्षं हा जोर वाढत जातो आणि एक दिवस वरचं दडपण अचानक काढून घेतलं की जोर तेवढाच राहतो. शेवटच्या घोटानंतर ६ ते १२ तासांत हात थरथरायला लागतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या मधे काहींना ते येतं ज्याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, डीटी. हे नाव थॉमस सटन नावाच्या इंग्लिश डॉक्टरने १८१३ साली दिलं. म्हणजे दोनशे वर्षं जुनी गोष्ट, मी कॉलेजात असताना त्याच्यावर टीप लिहून मार्कही मिळवलेले. वेळेवर उपचार नाही मिळाले तर माणूस यात जातो. काका वाचले, तिथल्या ड्यूटी डॉक्टरने माझी चिठ्ठी बाजूला ठेवून मुलाला नीट विचारलं म्हणून.

दुसऱ्या दिवशी दवाखाना बंद केल्यावर मी त्यांची फाईल काढून बसले. सहा वर्षांचा कागद न् कागद. आणि त्यात सगळं होतं. बीपीच्या दोन गोळ्या देऊनही वरचा आकडा दीडशेच्या खाली यायला तयार नाही, म्हणून मी तिसरी गोळी सुरू केलेली. रक्ताच्या सीबीसी तपासणीच्या रिपोर्टमध्ये एमसीव्ही १०३, म्हणजे तांबड्या पेशी फुगलेल्या, मी शेजारी 'बी१२ कमी?' असं लिहून इंजेक्शनं दिलेली. लिव्हरच्या दोन एन्झाईम्समध्ये एएसटी हे एएलटीच्या दुपटीहून जास्त, आणि हा तर दारूचा इतका ओळखीचा पॅटर्न की परीक्षेत विचारला असता तर झोपेतही सांगितला असता. दोनदा पडल्याची नोंद. आणि सगळ्यात लाज वाटली ती पुढच्या कागदाची. 'झोप लागते पण पहाटे तीनला जाग येते' अशी तक्रार, आणि खाली माझ्याच अक्षरात झोपेची गोळी, दोन महिने.

पहाटे तीनची जाग. दारूने झोप लवकर लागते हे खरंय, पण ती उतरायला लागली की रात्रीच्या दुसऱ्या अर्ध्यात मेंदू फटकन जागा होतो, छाती धडधडते, घाम येतो, आणि माणसाला वाटतं टेन्शनमुळे झालं. आता मला कोणी म्हणालं ना की डॉक्टर झोप लागते पण टिकत नाही, तर माझी पेन आपोआप त्या मद्याच्या रकान्याच्या शेजारी जाऊन थांबते. तेव्हा जात नव्हती. क्वार्टरवर झोपेची गोळी म्हणजे श्वास मंदावायची पूर्ण सोय, आणि ती माझ्या सहीने.

मग मी स्वतःचाच विचार करायला लागले की बाई, तू विचारतेस कसं? आणि दोन-तीन दिवस स्वतःलाच कान देऊन ऐकलं. मी विचारत होते, "दारूबिरू काही नाही ना?"

बघा हं त्या वाक्याकडे. 'बिरू' लावलं की ती गोष्ट आधीच फालतू आणि लाजिरवाणी. 'काही' म्हणजे अगदी थेंबसुद्धा. आणि शेवटी 'नाही ना', म्हणजे उत्तर मीच दिलेलं आहे, समोरच्याने फक्त मान हलवायचीय. या वाक्याला "हो, आहे" असं उत्तर देणं मराठीत जवळजवळ उद्धटपणा वाटतो. जो माणूस सहा वर्षं गोळ्यांच्या स्ट्रिप्स दाखवून मला खूश करत होता तो या प्रश्नाला हो म्हणेल? तो खोटं बोलला असं मी त्या रात्री मुलाला म्हणणार होते. म्हटलं नाही, बरं झालं.

आणि आपल्या क्रियापदांची तर गंमतच आहे. 'पिणं' हे दुसऱ्यांसाठी राखून ठेवलेलं आहे. तो पितो. मी घेतो. आम्ही बसतो. पिणारा रस्त्यात पडतो, घेणारा लिमिटमध्ये असतो, आणि बसणाऱ्यांचं तर काय, ते नुसते बसलेलेच असतात. त्यामुळे "पिता का?" विचारलं की दहातले नऊ जण अगदी मनापासून नाही म्हणतात, कारण ते पीत नाहीतच, घेतात. "घेता का" विचारलं की "कधीतरी". म्हणजे पहिल्या प्रश्नाला दार बंद आणि दुसऱ्याला दार किलकिलं, आणि मी किलकिल्या दारातून आत न डोकावता परत फिरत होते.

का फिरत होते, तेही सांगते. वेळ. बाहेर १४ पेशंट बसलेत, एकेकाला सात-आठ मिनिटं, त्यात कोणी "हो, रोज घेतो" म्हणालं तर पुढे काय करायचं हे मला माहीतच नव्हतं. शुगर जास्त निघाली तर मला पुढची पायरी माहीत, बीपी जास्त निघालं तर माहीत, पण दारू निघाली तर माझ्याकडे दोनच गोष्टी होत्या, एक भाषण आणि दुसरी मानसोपचाराची चिठ्ठी, आणि दोन्ही दिल्यावर पेशंट परत येत नाही हा अनुभव. एक गृहस्थ मला आजही आठवतात. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालं म्हणून मी दहा मिनिटं त्यांना लिव्हर कसं सडतं, पोटात पाणी कसं होतं, बायकोमुलांचं काय होईल, सगळं साग्रसंगीत ऐकवलं. ते ऐकत होते, अगदी मान खाली घालून. जाताना थँक्यू म्हणाले. पुन्हा कधीच आले नाहीत. मी तेव्हा समजत होते की मी माझं काम चोख केलं.

वेळेशिवाय आणखी एक कारण आहे, डॉक्टर लोक ते मोठ्याने बोलत नाहीत. जुना विनोद आहे, दारुडा कोण, तर जो आपल्या डॉक्टरपेक्षा जास्त पितो तो. विनोद म्हणून ठीक पण त्यात तथ्य आहे, आपण स्वतः जेवढी घेतो ती आपल्याला नॉर्मल वाटते आणि आपली मोजायची पट्टी तिथूनच सुरू होते. आणि जे अजिबात घेत नाहीत त्यांची अडचण उलटी, त्यांच्या चेहऱ्यावर इतकं काही उमटतं की समोरचा अर्ध्या वाक्यात गप्प होतो. मी यात दुसऱ्या गटातली, निदान तेव्हा तरी होते. पेशंटला माझ्या भुवया दिसत होत्या, मला दिसत नव्हत्या.

तर मी शोधायला लागले की इतर लोक विचारतात कसं. सगळ्यात आधी हाती लागला तो केज नावाचा प्रश्नसंच, चार प्रश्नांचा, जॉन युइंग नावाच्या डॉक्टरचा, १९८४ साली छापून आलेला. कमी करावी असं कधी वाटलं का, लोक टोकतात त्याचा राग येतो का, अपराधी वाटतं का, आणि सकाळी उठल्या उठल्या घ्यावी लागते का. दोन हो आले की शंका घ्यायची. चांगला आहे, तोंडपाठ होतो, पण मला दवाखान्यात तो जरा उशिराचा वाटला. सकाळी उठल्या उठल्या लागणारा माणूस मला प्रश्नांशिवायही वासावरून कळतो, मला तो हवा होता जो अजून त्या टोकाला गेलाच नाहीये.

मग ऑडिट, ही दुसरी प्रश्नावली. हे जागतिक आरोग्य संघटनेचं काम, नॉर्वे, ऑस्ट्रेलिया, केनिया, बल्गेरिया, मेक्सिको आणि अमेरिका अशा सहा देशांतल्या प्राथमिक दवाखान्यांतल्या पेशंटवर बेतलेलं, आणि १९८९ मध्ये त्याचं पहिलं मॅन्युअल आलं. दहा प्रश्न, ४० मार्क, आठ किंवा वर गेलं की लक्ष द्यायचं. मला त्यातली आवडलेली गोष्ट अशी की ते दारुडे शोधायला बनवलेलंच नव्हतं, ज्यांचं नुकसान अजून व्हायचंय किंवा नुकतंच सुरू झालंय अशांना शोधायला होतं. दहा प्रश्न माझ्या सात मिनिटांत बसत नाहीत, पण त्यातले पहिले तीन बसतात, त्यालाच ऑडिट-सी म्हणतात. किती वेळा घेता. घेता त्या दिवशी साधारण किती होते. आणि एका बैठकीत सहा किंवा त्याहून जास्त असं कितीदा होतं. प्रत्येकाला शून्य ते चार, बेरीज बारापैकी, पुरुषांत चार आणि बायकांत तीन किंवा त्याहून वर गेलं की खुर्ची जरा पुढे ओढायची. बस एवढंच. यात 'पिता का' नाहीच, सरळ 'किती वेळा', आणि उत्तरांत 'कधीच नाही' हाही एक पर्याय, त्यामुळे न घेणाऱ्यालाही अपमान वाटत नाही.

पहिल्या दिवशी विचारताना माझीच जीभ अडखळली. पाचवा की सहावा पेशंट होता, मी आपली कागदावर बघून वाचतेय, किती वेळा, तो म्हणाला "आठवड्यातून चार वेळा मॅडम", अगदी जसं कोणी चपलेचा नंबर सांगावा तसं. मी मान वर करून बघितलं तर तो नॉर्मल, मीच दचकलेली. चार वर्षं माझ्याकडे येत होता हो तो.

'किती' मात्र अवघड निघालं. कारण किती ह्याचं उत्तर मिळतं एक-दोन, आणि एक म्हणजे काय हे विचारावं लागतं. जागतिक आरोग्य संघटना एक ड्रिंक म्हणजे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल धरते, ब्रिटनमध्ये एक युनिट ८ ग्रॅमचं, अमेरिकेत एक ड्रिंक १४ ग्रॅमचं, म्हणजे जगातच एकमत नाही तर आमच्या टेबलावर कुठून होणार. मी पेशंटबरोबर बसून हिशोब करते आता, पॅडच्या मागच्या बाजूला. मिली गुणिले टक्के, आणि त्याला ०.७९ ने गुणायचं, कारण अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं. ४० टक्केवाल्या दारूचा ६० मिलीचा एक लार्ज पेग म्हणजे १९ ग्रॅम, म्हणजे त्यांचा 'एक' म्हणजे खरं तर दोन. क्वार्टर, १८० मिली, साधारण ५७ ग्रॅम, म्हणजे सहा. ८ टक्क्यांची ६५० मिलीची स्ट्राँग बिअर ४१ ग्रॅम, म्हणजे चार, आणि "मी फक्त बिअर घेतो" म्हणणाऱ्या माणसाचा चेहरा या आकड्याला कसा होतो ते बघण्यासारखं असतं. आणि लिव्हर तासाला साधारण एकच ड्रिंक संपवतं, घाई केली तरी, कॉफी प्यायली तरी, आंघोळ केली तरी. रात्री अकराला सहा ड्रिंक संपवून झोपलेला माणूस सकाळी सातला गाडी चालवताना कितपत मोकळा असेल हे तो स्वतःच बोटांवर मोजतो. मी काही बोलत नाही. मला कळलंय की गणित पेशंटने केलं की ते त्याचं असतं, मी केलं की ते भाषण होतं.

यावरही लोकांनी आधीच काम करून ठेवलंय म्हणा. विल्यम मिलर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये दारूच्या पेशंटशी बोलण्याच्या या पद्धतीवर पहिला लेख लिहिला, मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग म्हणतात त्याला. साध्या भाषेत सांगायचं तर, जो माणूस दोन मनांत आहे त्याच्या समोर तुम्ही 'सोड' या बाजूला उभे राहिलात की त्याला 'नाही सोडत' या बाजूला उभं राहण्यावाचून जागाच उरत नाही. मग तो स्वतःच्या तोंडाने स्वतःच्या पिण्याची वकिली करतो, आणि आपण जे मोठ्याने बोलतो ते आपल्यालाच पटत जातं. माझ्या त्या फॅटी लिव्हरवाल्या गृहस्थांना मी वकिलीचीही संधी दिली नाही, थेट शिक्षाच ठोठावली.

आता मी विचारते, घेतल्याने तुम्हाला काय बरं वाटतं? पहिल्यांदा विचारलं तेव्हा पेशंटला वाटलं मी टिंगल करतेय. पण लोक सांगतात. डोक्यातला आवाज बंद होतो. झोप येते. घरी गेल्यावर कोणाशी बोलावं लागत नाही. एक जण म्हणाला, दिवसभरात तेवढी एकच गोष्ट मी माझ्या मनाने करतो. हे ऐकलं की मग पुढचा प्रश्न, आणि न आवडणारं काय, हा जड जात नाही, आणि त्याचं उत्तर मी दिलं असतं त्यापेक्षा नेहमी लांबलचक असतं.

याने किती फरक पडतो? इथे मला खरं सांगायला हवं कारण अशा लेखांत लोक चमत्कार सांगतात. २०१८ मध्ये कॉक्रेनचा, म्हणजे जगभरच्या वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेचा, एक मोठा आढावा आला, प्राथमिक दवाखान्यांत आणि इमर्जन्सीत थोडा वेळ बोलण्याने काय होतं त्याचा, ६९ चाचण्या आणि ३३ हजारांवर माणसं. निष्कर्ष, वर्षभरानंतर बोललेले लोक न बोललेल्यांपेक्षा आठवड्याला सरासरी २० ग्रॅम कमी घेत होते. २० ग्रॅम. एक लार्ज पेग, आठवड्याला. मी ते वाचून आधी हिरमुसले. मग लक्षात आलं की माझ्या यादीत जोखमीचे म्हणावेत असे दीड-दोनशे लोक असतील आणि त्या सगळ्यांतून मिळून दर आठवड्याला दीड-दोनशे लार्ज वजा होणार असतील तर एवढी स्वस्त गोळी माझ्या कपाटात दुसरी नाही. आणि गंमत अशी की अशा अनेक चाचण्यांमध्ये ज्यांना नुसतं विचारलं, सल्ला काही दिलाच नाही, तेही थोडं कमी करताना दिसतात. लंडनमध्ये ग्रिफिथ एडवर्ड्स आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये तर १०० विवाहित पुरुषांच्या अभ्यासात एका गटाला पूर्ण ट्रीटमेंट आणि दुसऱ्याला फक्त एकदा नीट बसून सल्ला असं देऊन बघितलं, वर्षाने दोन्ही गटांत विशेष फरक नव्हता. यावरून ट्रीटमेंट नको असं कोणी काढू नये, ज्यांना खोल व्यसन आहे त्यांना पाच मिनिटांच्या गप्पांनी काही होत नाही, पण एक नीट झालेलं संभाषण किती जड असतं ते मला त्यातून कळलं.

आणि बीपी! फ्रान्समध्ये लियाँ नावाच्या डॉक्टरने १९१५ मध्येच सैनिकांत बघून ठेवलेलं की जास्त वाइन पिणाऱ्यांचं बीपी जास्त. शंभर वर्षांनी मी तिसरी गोळी लिहितेय.

एक बाई आठवतात. चाळिशीतल्या, धडधड होते आणि ॲसिडिटी म्हणून आलेल्या, नवरा सोबत. मी नवऱ्यासमोर तीन प्रश्न विचारले, पहिल्यालाच शून्य. ईसीजी काढायच्या निमित्ताने त्यांना आत घेतलं, पडदा ओढला आणि म्हटलं की मी हे सगळ्यांनाच विचारते, परत विचारू का? त्या छताकडे बघत म्हणाल्या, रोज. सगळे झोपल्यावर. दोन वर्षं. मग लगेच, पण मी तसली नाहीये. तसली म्हणजे कसली हे मी विचारलं नाही, आम्हा दोघींनाही माहीत होतं. पुरुषाचं पिणं गावाला दिसतं आणि बाईचं कोणालाच दिसत नाही, आणि शरीर तर उलटं वागतं, बाईच्या अंगात पाण्याचं प्रमाण कमी त्यामुळे तेवढ्याच दारूने रक्तातलं प्रमाण जास्त चढतं आणि लिव्हरही लवकर खराब होतं. स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढतो तो तर अगदी थोड्या प्रमाणापासूनच. दारू ही कॅन्सर करणारी गोष्ट आहे हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच पहिल्या वर्गात टाकून सांगितलंय, तंबाखूचं चित्र सगळ्यांना पाठ आहे, हे मात्र शिकलेल्या लोकांनाही नवीन असतं. तर त्या बाई, त्यांनी तीन महिन्यांत बंद केली, कशी ते मला अजून नीट कळलेलं नाही. मी फक्त दर दोन आठवड्यांनी ईसीजीच्या खोलीत विचारत होते.

आणि मग येतात घरचे. "मॅडम, त्यांना न सांगता कशात तरी मिसळून देता येईल असं औषध द्या." महिन्यातून एकदा तरी. त्या बायकांचा, आयांचा थकवा मला कळतो, पण ते औषध म्हणजे डायसल्फिराम, आणि त्याचा जन्मच अपघाताने झालेला. १९४० च्या दशकात डेन्मार्कमध्ये हाल्ड आणि याकोबसेन हे दोघं जंतांवरचं औषध म्हणून ते तपासत होते, स्वतः घेऊन बघितलं आणि नंतर थोडी दारू घेतल्यावर दोघांची हालत खराब. दारू शरीरात मोडताना मधे एक विषारी पायरी असते, ॲसिटाल्डिहाइड, हे औषध गाडी त्याच पायरीवर अडकवून ठेवतं. चेहरा लालबुंद, उलट्या, धडधड, बीपी खाली. ज्याला माहीत आहे तो त्या भीतीने घेत नाही, औषध चालतं ते त्या माहितीवर. ज्याला माहीतच नाही तो नेहमीसारखी क्वार्टर लावणार आणि बायको बघत बसणार की हे मेले की काय. मी देत नाही, कितीही रडल्या तरी. नालट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेट ही दुसरी औषधं आहेत, ओढ कमी करणारी, अमेरिकेत पहिल्याला १९९४ मध्ये दारूसाठी मान्यता मिळाली आणि दुसऱ्याला २००४ मध्ये, २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दोन्ही आवश्यक औषधांच्या यादीत घेतली. फॅमिली डॉक्टरला ती लिहिता येतात, लिव्हर-किडनी बघून. मी २२ पैकी १६ वर्षं एकदाही लिहिली नव्हती.

आणखी एक, हे मात्र घाईत नाही सांगत. "आजपासून बंद!" असं कोणी म्हणालं की मला पूर्वी आनंद व्हायचा. आता मी आधी विचारते, सकाळी हात थरथरतात का, आधी कधी बंद केल्यावर फिट आली होती का, रोज किती. रोज भरपूर घेणाऱ्याने एका झटक्यात बंद करणं हे शौर्य नाही, धोका आहे. त्यांना काही दिवस ठरावीक औषधांच्या आधाराने उतरवावं लागतं, थायमिन, म्हणजे बी१ व्हिटॅमिन, द्यावं लागतं, कधी ॲडमिट करून. घरच्यांनी खोलीत कोंडून ठेवण्याचा प्रकार तर करूच नये. काकांना हॉस्पिटलने कोंडलं नव्हतं, पण माझ्या एका शब्दाने तेच झालं.

एकदा एका पेशंटने उलट विचारलं, "आणि तुम्ही, मॅडम?" मी क्षणभर गडबडले. कारण तोवर मी दुसऱ्या गटातून सरकले होते, कोविडच्या त्या दोन वर्षांत शनिवारी एक ग्लास वाइन सुरू झालेली आणि शनिवार हळूहळू शुक्रवारपासून सुरू व्हायला लागलेला. मी सांगितलं, ऑडिट-सीमध्ये माझे तीन येतात. तो म्हणाला, बायकांना तीनलाच बघायचं असतं ना, तुम्हीच सांगितलेलं. लक्ष ठेवून ऐकतात हो लोक. ते नंतर परत दोनवर आणले, पण सोपं नव्हतं, आणि तीनवरून दोनवर यायला मला एवढा त्रास झाला तर नऊवरच्याला मी काय समजावत होते ते आठवून अंगावर काटा आला. अल्कोहोलिक्स अनॉनिमस १९३५ मध्ये सुरू करणाऱ्या दोघांपैकी एक, डॉ. बॉब स्मिथ, हा सर्जन होता आणि स्वतः पिणारा होता. टेबलाच्या कुठल्या बाजूला बसलोय यावर काही ठरत नाही.

काका ऑपरेशननंतर दोन महिन्यांनी काठी टेकत आले. मी त्यांना सरळ सांगितलं, सहा वर्षं मी तुम्हाला नीट विचारलंच नाही, चूक माझी. ते म्हणाले, विचारलं असतंत तरी मी कुठे सांगणार होतो. मग थोड्या वेळाने, पण दोन-तीनदा विचारलं असतंत तर सांगितलं असतं बहुतेक. पाच महिने त्यांनी थेंब घेतला नाही. बीपीची तिसरी गोळी मी बंद केली, नंतर दुसरी अर्धी केली. एमसीव्ही हळूहळू उतरत होतं, तांबड्या पेशी १२० दिवस जगतात त्यामुळे तो आकडा महिने घेतो, आम्ही दोघं प्रत्येक रिपोर्टची वाट बघायचो. मग मधे दीड महिना आले नाहीत. मुलाला फोन करावासा वाटला, केला नाही.

परवा आले. शेवटचा पेशंट म्हणून मुद्दाम थांबले होते. मी नवा केसपेपर काढला, डाव्या कोपऱ्यापर्यंत पेन नेलं, आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "गेल्या आठवड्यात दोनदा. सोमवारी साठ. शनिवारी साठ, आणि मग परत साठ." मी बोटं मोजून सहा लिहिले. शून्य व्हायला हवंय हे त्यांना माहीत आहे, डीटी होऊन गेलेल्या माणसाला थोडी-थोडी असं काही नसतं हे आम्ही आधी बोललोय, आणि मला माहीत आहे की त्यांना माहीत आहे. सकाळी हात? नाही म्हणाले, पुढे करून दाखवले, स्थिर होते. शनिवारी काय झालं होतं विचारलं, तर म्हणाले सांगतो पण मोठं आहे. मी बाहेरचा दिवा बंद केला. खुर्ची पुढे ओढून बसले तर म्हणाले, "आणि मॅडम, आठवणीने त्या डाव्या गुडघ्याचंपण बघा, जिना चढताना फार दुखतो."